व्हीलचेअरवरचं बेडसोअर भरून काढायचं तर कुठलं काम आधी, कुठलं नंतर

बेडसोअर (सतत दाब पडून होणारी जखम) फक्त बेडवर पडून होतं असं नाही, मणक्याच्या इजेने बधिरपणा येऊन व्हीलचेअर वापरणाऱ्या आपल्यासारख्यांना ते बहुतेक वेळा बसून बसूनच होतं. याबद्दल कोणाचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, "कुठलं मलम लावू?" आणि विचारणारा त्या वेळी त्याच जखमेवर बसलेला असतो. मलम खूप नंतर येतं. हाड आणि सीट यांच्यामध्ये जे मांस चेपलं जातंय त्याला रक्तच पोचत नसेल तर वरून हजार रुपयांचं ड्रेसिंग लावा नाहीतर आणि काही लावा, ते भरणार नाही. आणि दाब पूर्ण काढला, पोटात प्रोटीन गेलं, जखम स्वच्छ राहिली तर साध्या सलाईनच्या गॉजवर पण जखमा भरतात. बहुतेकांचं चुकतं ते औषधात नाही, क्रमात चुकतं. म्हणून खाली सगळं क्रमानेच लिहिलंय आणि तुम्ही पण क्रमानेच करा.

सगळ्यात आधी: आजच दवाखान्यात जायला हवंय का?

यातलं एकही असेल तर पुढचं वाचत बसू नका, आधी डॉक्टर गाठा:

- ताप, थंडी वाजणं, किंवा काही कारण नसताना पायातले स्पाझम (स्नायू आपोआप आखडणं, झटके येणं) एकदम वाढणं. आपल्याला तिथे दुखत नाही ना, मग शरीर स्पाझममधून सांगतं.
- जखमेभोवतीची लाली किंवा गरमपणा पसरत चाललाय. बॉलपेनने कडेने रेष आखून ठेवा, काही तासांत लाली रेषेच्या बाहेर गेली तर थांबायचं नाही.
- पू, किंवा ड्रेसिंग काढल्यावर खोलीभर पसरणारा कुबट वास.
- जखमेत हाड दिसतंय किंवा काहीतरी टणक लागतंय.
- ज्यांची इजा छातीच्या ६व्या मणक्याला (टी६) किंवा त्याच्या वर आहे त्यांचं डोकं अचानक ठणकायला लागलं, चेहरा लाल झाला, दरदरून घाम आला. हे बीपी धोकादायक वाढल्याचं लक्षण असू शकतं. लगेच ताठ बसवा (बेडसोअर असलं तरी, या वेळी तेच महत्त्वाचं), कपडे-बेल्ट सैल करा, कॅथेटरची (लघवीची) नळी दुमडली किंवा तुंबली आहे का बघा आणि ताबडतोब इमर्जन्सीमध्ये जा.

पायरी १: त्या जागेवरून उठा

जखम बसायच्या हाडावर (ढुंगणाची दोन टोकदार हाडं) असेल तर खुर्ची बंद. कमी नाही, बंद. माकडहाडावर असेल तर खुर्चीत घसरून, रेलून बसणं बंद आणि पाठीवर झोपणं पण बंद. खुब्यावर असेल तर त्या कुशीवर झोपायचं नाही. टाच किंवा घोट्यावर असेल तर खुर्ची चालते पण फूटरेस्ट, बूट आणि गादी यांचा तिथे स्पर्श होता कामा नये.

लोक इथेच सौदा करतात. "ऑफिसला अर्धा दिवसच जातो", "फक्त जेवायला बसतो". नुसती लाली असेल तर २-३ दिवस पूर्ण आडवं राहिल्यावर ती बऱ्याचदा जाते. तीच लाली घेऊन आठवडाभर बसलात तर काही महिने आडवं पडायची वेळ येऊ शकते. बसायच्या हाडावरची किंवा माकडहाडावरची जखम असताना अगदीच बसावं लागलं, म्हणजे घरात बघायला दुसरं कोणी नाही वगैरे, तर डॉक्टरांना विचारून, चांगल्या कुशनवर, दिवसातून जास्तीत जास्त ३ वेळा आणि दर वेळी १ तासाच्या आत. ही शेवटची मर्यादा आहे, तेवढं बसलंच पाहिजे असा त्याचा अर्थ नाही.

चेतावणी: मध्ये भोक असलेली रिंग, ट्यूब किंवा डोनट उशी वापरू नका. मेडिकलवाले हौसेने देतात, पण तिच्या कडेचा दाब चारी बाजूंनी रक्त अडवतो आणि मधली कातडी सुजते.

पायरी २: नीट बघा आणि ग्रेड ठरवा

मोबाईलने उजेडात फोटो काढा, शेजारी साधी पट्टी धरून. लांब दांड्याचा आरसा असेल तर उत्तम, पण फोटो हवाच कारण पुढे तुलना करायचीये.

ग्रेड १: कातडी अखंड आहे, लाली आहे, बोटाने ३ सेकंद दाबून सोडलं तरी ती जागा पांढुरकी होत नाही. आपल्या सावळ्या कातडीवर लाली दिसतेच असं नाही, म्हणून रंगापेक्षा हाताला काय लागतं ते बघा: आजूबाजूपेक्षा गरम किंवा गार, कडक किंवा स्पंजसारखं मऊ, रंग गडद किंवा जांभळट.

ग्रेड २: वरची साल गेली किंवा फोड आलाय, तळ गुलाबी-लाल आणि ओलसर, उथळ.

ग्रेड ३: खड्डा पडलाय, आतली चरबी दिसते.

ग्रेड ४: स्नायू, कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे दोर) किंवा हाडापर्यंत गेलंय.

याशिवाय दोन प्रकार आहेत ज्यात लोक हमखास फसतात. एक म्हणजे जखमेवर काळी खपली किंवा पिवळा चिकट थर, ज्याच्याखाली किती खोल आहे ते कळतच नाही. दुसरा म्हणजे कातडी फुटलेली नाही पण जांभळा-काळा डाग किंवा रक्ताचा फोड. हा मुका मार वाटतो, त्यावर लोक चक्क मालिश करतात, आणि काही दिवसांत तिथे मोठा खड्डा उघडतो. दाब सगळ्यात जास्त हाडाजवळ असतो, त्यामुळे मांस आतून मरत वर येतं. वर रुपयाएवढं भोक आणि आत मूठ जाईल एवढी पोकळी, हे बसायच्या हाडावर अगदी नेहमीचं आहे.

ग्रेड १ आणि उथळ ग्रेड २ घरी सांभाळता येतं. ग्रेड ३, ४, काळं-पिवळं झाकलेलं आणि जांभळं, हे सर्जन किंवा जखमांचं काम करणाऱ्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घरी सुरू करायचं नाही.

लाल जागेवर मालिश नाही, खोबरेल तेल चोळणं नाही, शेक नाही. बधिर कातडीवर गरम पाण्याची पिशवी ठेवली तर भाजलेलं पण कळणार नाही.

पायरी ३: कशाने झालं ते शोधा

ही पायरी जवळपास सगळे सोडून देतात, आणि मग भरलेली जखम पहिल्याच महिन्यात उघडते. कुठे झालं त्यावरून कशाने झालं ते बऱ्यापैकी कळतं.

दोन्ही बसायच्या हाडांवर असेल तर कुशन दबून सपाट झालंय किंवा फूटरेस्ट उंच आहे. फूटरेस्ट उंच असला की मांड्या सीटवरून उचलल्या जातात आणि सगळं वजन त्या दोन हाडांवर येतं. एकाच बाजूला असेल तर तुम्ही तिरके बसताय, किंवा मागच्या खिशात पाकीट-मोबाईल आहे, किंवा घडीच्या व्हीलचेअरचं रेग्झीन सीट मधोमध झोळीसारखं लोंबतंय. माकडहाडावर असेल तर घसरून बसणं, किंवा बेडचं डोकं उंच करून तासन्‌तास टीव्ही बघणं, त्यात शरीर खाली सरकतं, कातडी जागीच राहते आणि आतलं मांस ओढलं जातं. टाचेला असेल तर गादी किंवा घट्ट बूट.

सांगलीकडचा एक मित्र आहे, त्याची डाव्या हाडावरची जखम भरायची आणि खुर्चीत बसला की परत यायची. मलमं बदलून झाली, डॉक्टर बदलून झाले. शेवटी त्याच्या खुर्चीत त्याला बसवून कुशनच्या खाली हात घातला तर हाड थेट माझ्या बोटांवर टेकत होतं, मध्ये फोम नावालाच उरला होता, आणि खालचं रेग्झीन डावीकडे उतरलं होतं. सीटच्या मापाची प्लायवूडची फळी टाकली, त्यावर नवीन कुशन, फूटरेस्ट खाली घेतला. पण तेवढ्याने पुरं झालं नाही. दिवसभराचं बारकाईने विचारल्यावर कळलं की सकाळी संडासला तो प्लॅस्टिकच्या कडक कमोड खुर्चीवर पाऊण तास बसायचा. ते गादीवर कुशीवर झोपून करायला लागल्यावर मग गाडी पुढे सरकली.

म्हणून खुर्ची सोडूनही बघा: कमोड, अंघोळीचा स्टूल, गाडीची सीट, रिक्षातली बाक, जमिनीवरून ढुंगण घासत सरकणं, ट्रान्सफर करताना (खुर्चीतून बेडवर वगैरे जाताना) चाकावर घासणं, जीन्सची जाड शिवण आणि मागची बटणं, ओला डायपर.

तपासा: कुशनखाली तळवा वर करून हात घाला, माणूस खुर्चीत नेहमीसारखा बसलेला असताना. हवेच्या सेलवालं कुशन असेल तर सगळ्यात खाली आलेलं हाड आणि कुशनचा तळ यात दीड ते अडीच सेंटीमीटर अंतर हवं. त्याहून कमी असेल तर हवा कमी आहे. आणि खूप हवा भरली तर ते दगडासारखं होतं, ते पण वाईटच.

पायरी ४: तपासण्या आणि सामान

तपासण्या आधी करा. हिमोग्लोबिन, शुगर (जुना डायबेटिस असेल तर एचबीए१सी, म्हणजे गेल्या २-३ महिन्यांची सरासरी शुगर), अल्ब्युमिन (रक्तातलं प्रोटीन) आणि सीबीसी (रक्तपेशींची मोजणी). हिमोग्लोबिन ८ पर्यंत उतरलेलं असेल तर महिनोन्‌महिने ड्रेसिंग करूनही जखम तशीच बसून राहू शकते. जुनी खोल जखम असेल तर हाडाला इन्फेक्शन पोचलंय का बघायला डॉक्टर एक्स-रे किंवा एमआरआय सांगतील, ते टाळू नका.

तंबाखू, मिशरी, सिगरेट, गुटखा, सगळं बंद. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि तुमची अख्खी लढाई त्या जागी रक्त पोचवायची आहे.

सामान असं: नॉर्मल सलाईनच्या बाटल्या, निर्जंतुक गॉज, ग्लोव्हज, २० मिलीची सिरिंज, कागदी मेडिकल टेप, झिंक ऑक्साइडचं क्रीम, मोजायला पट्टी, कचऱ्याच्या पिशव्या, आणि डॉक्टरांनी सांगितलेलं ड्रेसिंग. सलाईनची उघडलेली बाटली २४ तासांत संपवा किंवा फेका.

हे घरात असेल तर जखमेपासून लांब ठेवा: डेटॉल, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड, हळद, स्वयंपाकघरातला मध, राख, टूथपेस्ट, टाल्कम पावडर. पेरॉक्साइडला फेस येतो म्हणून लोकांना वाटतं साफ होतंय, पण त्यात नवीन येणाऱ्या पेशीही मरतात. बीटाडीनचं पण तसंच. इन्फेक्शन असताना डॉक्टर थोडे दिवस वापरायला सांगतात ते ठीक, पण लालचुटूक भरत आलेल्या जखमेत रोज ओतायचं नाही. अँटिबायोटिक पावडर मारायची सवय तर फारच पसरलीये, तिची आत ढेकळं होतात आणि खाली काय चाललंय तेच दिसत नाही.

पायरी ५: बेड लावणं

ग्रेड ३-४ साठी बुडबुड्यांची पातळ एअर मॅट्रेस पुरत नाही, आडव्या नळ्यांची जाड लागते, ४-५ इंची, जिच्या नळ्या आळीपाळीने भरतात. ती विकत घ्यायच्या आधी भाड्याने मिळते का बघा, मोठ्या शहरात मिळते. तिच्यावर एकच सैल चादर. गोधडी, मेणकापड, दुमडलेल्या चादरी असं घातलं की मॅट्रेसचा उपयोग संपला.

लोडशेडिंग असलेल्या गावात हे नक्की करा: पंप इन्व्हर्टरवर घ्या. वीज गेली आणि हवा उतरली तर माणूस थेट खाटेच्या फळीवर असतो आणि त्याला कळत नाही. वीज कधी गेली ते घरच्यांनी बघायचं आणि कूस बदलायची.

मॅट्रेस आहे म्हणून कूस बदलणं थांबत नाही. साधारण दर २ तासांनी, रात्री पण, भिंतीवर तक्ता लावून. मोबाईलला अलार्म लावा, "लक्षात राहील" यावर सोडू नका. कुशीवर झोपवताना पूर्ण ९० अंशात नाही, त्यात सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. पाठीमागे उशी लावून साधारण ३० अंश तिरकं. दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी. पिंडरीखाली लांबट उशी अशी की टाच हवेत राहील, टाचेखाली उशी ठेवायची नाही. डोक्याकडची बाजू ३० अंशांपेक्षा वर नको, जेवताना उचलली तर जेवण झाल्यावर खाली घ्या.

माकडहाड आणि बसायची हाडं यांच्या जखमेला सगळ्यात चांगली पोझिशन म्हणजे पोटावर झोपणं. छातीखाली, मांड्यांखाली, नडगीखाली उशा, गुडघे आणि पायाची बोटं मोकळी, पुरुषांनी कॅथेटर आणि लिंग दबत नाही ना बघायचं. सुरुवातीला २०-३० मिनिटं, मग कातडी बघून वाढवत न्यायचं. श्वासाचा त्रास असेल किंवा मानेची इजा असेल तर आधी डॉक्टर-फिजिओला विचारा. पोटावर झोपून लॅपटॉप चालतो, मोबाईल चालतो, कितीतरी जणांनी नोकरी तशीच टिकवली आहे.

आडवं पडून राहायचेही धोके असतात. रोज घरच्यांकडून पायाचे सगळे सांधे हलवून घ्या, पाणी भरपूर प्या, खोल श्वास घ्या. एका पायाची पिंडरी अचानक सुजली आणि गरम लागली तर रक्ताची गुठळी असू शकते, मालिश न करता दवाखाना.

पायरी ६: ड्रेसिंग

वेळ अशी धरा की संडासचं काम आधी, मग पुसणं-अंघोळ, मग ड्रेसिंग. उलटं केलं तर ताजं ड्रेसिंग अर्ध्या तासात घाण होतं आणि परत सगळं करावं लागतं.

अ) हात साबणाने धुवा, ग्लोव्हज घाला. जुनं ड्रेसिंग काढताना टेप केसांच्या दिशेने, दुसऱ्या हाताने कातडी दाबून धरत. चिकटलं असेल तर सलाईनने भिजवा. ओढलं की नवीन मांस निघून येतं. काढलेल्या ड्रेसिंगकडे बघा: किती भिजलंय, रंग, वास. मग हे ग्लोव्हज टाकून नवीन घाला.

ब) धुणं. सिरिंजमध्ये सलाईन घेऊन, पुढे १८ नंबरच्या सलाईनच्या सुईची फक्त प्लॅस्टिकची नळी लावून (सुई काढून टाकून), चांगल्या धारेने धुवा. आत खिसे (कडेच्या कातडीखाली पसरलेल्या पोकळ्या) असतील तर तिथे पण, आणि गेलेलं पाणी सगळं बाहेर आलं पाहिजे. खिसे शोधायचं काम पहिल्यांदा सिस्टरकडून करून घ्या. ती निर्जंतुक काडी हळूच आत फिरवते आणि घड्याळासारखं सांगते, डोकं म्हणजे १२, पाय म्हणजे ६, "३ वाजता ४ सेंटीमीटर आत जातंय". ते लिहून ठेवा, कारण वरून जखम छोटी होत जाईल आणि खिसा तसाच राहिला तर ती वरून बंद होऊन आत पू साठेल.

क) आजूबाजूची कातडी कोरडी टिपून घ्या, कडेला झिंक क्रीमचा पातळ थर, आत नाही. टेप जिथे चिकटवायची तिथे पण नाही.

ड) भरणं. जखम ओलसर हवी, पाणथळ नको आणि सुकी पण नको. "हवा लागू दे, सुकू दे" हा सल्ला प्रत्येक घरात कोणीतरी देतं, तो ऐकू नका, सुकलेल्या जखमेत नवीन कातडी सरकत नाही.

उथळ आणि कमी लस (जखमेतून झिरपणारं पाणी) येणारी असेल तर हायड्रोकोलॉइड (चिकटणारं, जखम बंद ठेवणारं ड्रेसिंग) किंवा पातळ फोम, जे ३ ते ५ दिवस राहतं, गळलं किंवा आत घाण गेली तरच आधी बदलायचं. इन्फेक्शन असलेल्या जखमेवर हायड्रोकोलॉइड लावून बंद करू नका. खोल आणि भरपूर लस असेल तर आत अल्जिनेट (लस शोषून घेणारं ड्रेसिंग), वर फोम. कोरडा पिवळा थर असेल तर हायड्रोजेल (ओलावा देणारं जेल), डॉक्टरांना विचारून. यातलं काही परवडत नसेल तर सलाईनमध्ये भिजवून घट्ट पिळलेलं गॉज, सुकायच्या आत बदलायचं, म्हणजे दिवसातून २-३ वेळा.

गॉज आत सैल ठेवायचं. ठासून भरलं की आतूनच दाब येतो, म्हणजे ज्या कारणाने जखम झाली तेच आपण परत करतोय. एकच लांब तुकडा वापरा आणि टोक बाहेर ठेवा, छोटे छोटे तुकडे आत राहून जातात आणि महिन्याने वासाने सापडतात. कापूस थेट जखमेवर कधीच नाही, तंतू आत चिकटतात.

इ) वर झाकण, चारी बाजूंनी बंद, आणि टेपवर तारीख-वेळ पेनने.

चेतावणी: काळं-पिवळं मेलेलं मांस घरी ब्लेड, कात्रीने कापायचं नाही. ते सर्जन काढतील. काढल्यावर जखम आधीपेक्षा मोठी दिसते, घरचे घाबरतात, पण ती आधीपासून तेवढीच होती. टाचेवरची कोरडी, घट्ट, वास नसलेली काळी खपली मात्र बऱ्याचदा तशीच ठेवतात, तिला भिजवू नका, दाब काढा आणि रोज बघा.

व्हॅक मशीन, म्हणजे जखमेतली लस खेचून घेणारा पंप, खोल स्वच्छ जखमेला उपयोगी पडतो, पण आत मेलेलं मांस किंवा हाडाचं उपचार न झालेलं इन्फेक्शन असताना लावत नाहीत. कोणी आल्या आल्या व्हॅकच सुचवलं तर "आधी साफ करणार का?" एवढं विचारा.

पायरी ७: जेवण

जखमेतून रोज जी लस वाहते त्यातून प्रोटीन जातं. भरायला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण १.२५ ते १.५ ग्रॅम प्रोटीन लागतं, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ७५ ते ९० ग्रॅम. (किडनीचा त्रास असेल तर आकडा डॉक्टर ठरवतील.) आपलं वरण-भात, भाजी-पोळी खाऊन ४० च्या वर जाणं पण अवघड असतं. एका अंड्यात ६ ग्रॅम, पेलाभर दुधात ८, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास, ५० ग्रॅम सुक्या सोयाबीन वड्यांमध्ये २५, मूठभर शेंगदाण्यात ७, शिजलेल्या १०० ग्रॅम चिकनमध्ये २५ च्या वर. दोन-तीन दिवस खरंच लिहून बेरीज करा, मग कळेल किती कमी पडतंय. सोबत आवळा, पेरू, लिंबू रोज.

उपास बंद ठेवा. साबुदाण्यात प्रोटीन नसल्यासारखंच आहे, आणि श्रावणात अंडी-मांस बंद करणाऱ्यांनी त्याच्या जागी पनीर, सोया, दूध तेवढ्या मापाने वाढवायचं. घरातल्या मोठ्यांना हे पटवणं अवघड जातं, त्यांना डॉक्टरांच्या तोंडून सांगायला लावा.

पायरी ८: आठवड्याला एकदा मोजमाप

ठरलेला वार, सारखीच पोझिशन. डोक्याकडून पायाकडे लांबी, आडवी रुंदी, सगळ्यात खोल जागेची खोली, खिसे किती वाजता किती. फोटो. वहीत लिहा. रोज बघून "बरी वाटतेय" म्हणणं उपयोगाचं नाही, रोज बघणाऱ्याला फरक दिसतच नाही.

तळ लाल, दाणेदार, ओलसर असेल तर चांगलं चाललंय. फिकट किंवा सहज रक्त येणारा, लिबलिबीत, हिरवट असेल तर नाही. २ आठवड्यांत काहीच फरक नाही तर ड्रेसिंग बदलत बसायच्या आधी मागे जा: दाब खरंच उतरलाय का, रात्री कूस बदलली जाते का, प्रोटीन जातंय का, लघवी-संडास जखमेत जात नाही ना, हाडाला इन्फेक्शन नाही ना. बहुतेक वेळा उत्तर पहिल्या दोनात असतं.

स्वॅब कल्चरमध्ये (जखमेतला नमुना घेऊन केलेल्या जंतूंच्या तपासणीत) जंतू निघाले म्हणून लगेच अँटिबायोटिक लागतंच असं नाही, उघड्या जखमेवर जंतू असतातच. लक्षणं बघून डॉक्टरांना ठरवू द्या आणि मेडिकलमधून स्वतःहून कोर्स घेऊ नका.

पायरी ९: ऑपरेशनची वेळ आली तर

मोठ्या ग्रेड ३-४ ला प्लास्टिक सर्जन फ्लॅप करतात, म्हणजे शेजारचं मांस-कातडी सरकवून खड्डा झाकतात. ते टिकायला आधीची तयारी लागते: हिमोग्लोबिन-अल्ब्युमिन वर आलेलं, शुगर आटोक्यात, तंबाखू सुटलेली, स्पाझमवर औषध सुरू, आणि नवीन कुशन आधीच घरात आलेलं. ऑपरेशननंतर बरेच आठवडे आडवंच राहायचं असतं, किती ते सर्जन सांगतील, टाके काढले म्हणजे बसायला मोकळे झालो असं नाही. खर्चासाठी महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेत असलेल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसतो, त्याला तुमच्या ऑपरेशनचं पॅकेज योजनेत आहे का ते ॲडमिट व्हायच्या आधी विचारा.

पायरी १०: परत खुर्चीत

जखम पूर्ण बंद झाल्यावरच. वरची कातडी गुलाबी, पातळ असते, आणि व्रणाला मूळ कातडीएवढी ताकद कधीच येत नाही, फार तर ८० टक्के, तीही बऱ्याच महिन्यांनी.

पहिल्या दिवशी १५ मिनिटं बसा. मग आडवं होऊन आरसा किंवा फोटो. लाली अर्ध्या तासात पूर्ण गेली तर पुढच्या वेळी आणखी १५ मिनिटं वाढवा. गेली नाही तर वाढवायचं नाही, लाली जाईपर्यंत आडवं आणि मग मागच्या वेळेवर परत. दिवसभर बसायला जमेपर्यंत काही आठवडे जातात, ते घालवा.

बसलेलं असताना दर १५ ते ३० मिनिटांनी दाब काढा. हातांवर उचलून पुश-अप करणारे बहुतेक जण १०-१५ सेकंदांत खाली येतात, त्याने रक्त परत पोचत नाही, जवळपास २ मिनिटं लागतात. त्यापेक्षा पुढे वाकून छाती मांड्यांवर टेकवा किंवा टेबलावर कोपरं ठेवून झुका, तोल जात असेल तर कोणाला तरी समोर उभं करा. एका बाजूला पूर्ण झुकून दुसरं हाड मोकळं करणं पण चालतं. घड्याळाला व्हायब्रेशनचा अलार्म लावून ठेवा.

खुर्ची आणि कुशन नीट बसवून घ्यायला पुनर्वसन विभाग असलेलं हॉस्पिटल शोधा. मुंबईत हाजी अलीला ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन आहे, तिथे जाताना तुमची रोजची खुर्ची आणि कुशन सोबत न्या, नुसती तोंडी माहिती देऊन सीटिंग ठरत नाही.

पहिले काही महिने लांबचा कार किंवा एसटीचा प्रवास आणि दिवसभराची लग्नकार्यं टाळा. जावंच लागलं तर व्हीलचेअरचं कुशन गाडीच्या सीटवर घ्या (डोकं छताला लागत नाही आणि तोल राहतोय ना ते आधी घरी बघून), दर तासाला गाडी थांबवून पुढे झुका, उन्हात तापलेल्या सीटवर हात फिरवल्याशिवाय बसू नका, आणि पोचल्यावर चहा-पाण्याच्या आधी एखादी खोली मागून आडवे व्हा आणि जागा तपासा.